चौल-रेवदंड्यातली आमची परिषद: पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत

18 ते 20 जानेवारी 2025 या दिवसांत चौल-रेवदंड्याला आम्ही अल्पसंख्याक समाजांतल्या आर्किटेक्टांची आणि आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींची एक परिषद भरवली. सत्तरेक माणसं आली. कोकणी मुसलमान, बौद्ध, कोर्लई आणि वसईकडचे ख्रिस्ती, बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले ज्यू), जैन, आणि मुंबईहून आलेलं एक पारशी जोडपं. तयारीला लागलो तेव्हा कुठल्या कार्यालयात कुठला अर्ज द्यायचा, पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे, कॉलेजं मुलांना सोडतात का, यातलं काहीच सांगणारं कुणी आम्हाला भेटलं नव्हतं. आता हिशोब देऊन झालाय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. रत्नागिरीत, सिंधुदुर्गात किंवा आणखी कुठे कुणाला असं काही करावंसं वाटलं, तर त्यांची सुरुवात आमच्यापेक्षा सोपी व्हावी.

माझं अलिबागला छोटं ऑफिस आहे, माहेर म्हसळा तालुक्यातलं. एप्रिल 2024 मध्ये माहेरच्या गावातल्या एका मुलीचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती आणि तिला ट्रेनिंगसाठी मुंबईतल्या एका चांगल्या ऑफिसात जागा मिळाली होती. अडलं होतं ते राहण्यावर. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, आणि नाव सांगितलं की घरमालकाचा फोन लागेनासा व्हायचा. शेवटी मुंब्र्याला लांबच्या नातेवाइकांकडे राहून रोज दोन-दोन तासांचा प्रवास करायचं तिने ठरवलं होतं. मला तिने एवढंच विचारलं, "आपा, तुमच्या वेळेला तुम्ही काय केलं होतंत?"

मी काय केलं होतं ते मी तिला सांगितलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझं ट्रेनिंग होऊन पंधराहून जास्त वर्षं झाली आणि तिला द्यायला माझ्याकडे नवं उत्तर नव्हतं.

मग ओळखीतल्या आर्किटेक्टांना फोन करत गेले. प्रत्येकाकडे काहीतरी होतंच. महाडकडचा एक बौद्ध मित्र म्हणाला, "मला विहाराची कामं येतात, बंगल्याची येत नाहीत." कोर्लईच्या एका मुलीला कॉलेजात तिच्या गावाकडच्या भागाबद्दल कुणी प्राध्यापक मार्गदर्शन करू शकले नव्हते. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांनी सांगितली. आपल्या समाजाच्या प्रार्थनास्थळाची दुरुस्ती निघाली की कमिटी आपल्याकडेच येते, आणि फीचा विषय काढला की चेहरे बदलतात. "आपल्याच मशिदीचं काम, त्याचे पैसे घेणार?" मशिदीच्या जागी चर्च घाला, विहार घाला, सिनेगॉग घाला. कमिटी गवंड्याला मजुरी देते, टाइलवाल्याला बिल देते. नकाशा काढणाऱ्याच्या कष्टाला मात्र पुण्य म्हणून मोजते.

अमेरिकेतल्या 'नोमा' या संस्थेची गोष्ट मला याच काळात पुन्हा आठवली. 1968 मध्ये पोर्टलंडला तिथल्या आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय अधिवेशनात व्हिटनी यंग या नागरी हक्क चळवळीच्या नेत्याने सगळ्या व्यवसायालाच तोंडावर सुनावलं होतं, की वर्णभेदाच्या प्रश्नावर तुमचं मौन कानठळ्या बसवणारं आहे. पुढे 1971 मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात 12 कृष्णवर्णीय आर्किटेक्ट एकत्र बसले आणि त्यातून नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ मायनॉरिटी आर्किटेक्ट्स उभी राहिली. त्यांच्या वार्षिक परिषदेत भाषणं असतातच, पण विद्यार्थ्यांची डिझाइन स्पर्धाही असते. सुरुवात 12 जणांनी केली, हे वाचून मला धीर आला. आमच्या फोनच्या यादीत त्याहून जास्त नावं होती.

जूनमध्ये पाऊस लागला आणि साइटवरची कामं मंदावली, तेव्हा आम्ही अलिबागला माझ्या ऑफिसात पहिली बैठक घेतली. तारीख ठरवायलाच तीन तास लागले, आणि ते लागायलाच हवे होते. शुक्रवारी जुम्मा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत बेने इस्रायली मंडळींचा शब्बाथ, त्यात प्रवास नाही की लिहिणं नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये मास, म्हणजे प्रार्थना. मार्चच्या सुरुवातीला रमजान लागणार होता. नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षा. एक तरुण सहकारी म्हणाला, "सगळ्यांचं सांभाळायचं तर परिषदच होणार नाही." पनवेलचे बेने इस्रायली काका, आयुष्यभर सरकारी बांधकाम खात्यात काढलेले, शांतपणे म्हणाले, "कॅलेंडर आण." मग ठरलं ते असं: शनिवारी संध्याकाळी सव्वासातला, म्हणजे शब्बाथ सुटल्यावर, उद्घाटन. रविवारी मुख्य कार्यक्रम सकाळी साडेदहाला, म्हणजे ख्रिस्ती मंडळी कोर्लईला मासला जाऊन येतील. सोमवारी दुपारी समारोप.

या ठरावाचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. अलिबाग-मुरूड पट्ट्यात शनिवारची रात्र महाग असते, रविवारची त्यामानाने बरीच स्वस्त. आणि 18 जानेवारी पौषात येत होता. पौषात लग्नं कमी, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि भाडं घासाघीस करून उतरवता येतं. कोकणात कुठलाही असा कार्यक्रम करायचा असेल तर पौष महिना आधी बघा.

जागा चौल-रेवदंडाच का, असं पुष्कळांनी विचारलं. मुंबईला सगळ्यांना सोपं पडलं असतं. पण या एवढ्याशा पट्ट्यात हिंगळाजच्या डोंगरावर बौद्ध लेणी आहेत, चौलात जुना हमामखाना आहे, रेवदंड्यात पोर्तुगीज तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, सिनेगॉग आहे, चर्चचा सातखणी मनोरा आहे, आणि कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे, जिथे बेने इस्रायली पूर्वजांचं गलबत फुटलं असं ते परंपरेने मानतात. ज्या मुलांना आपलं गाव परीघावर आहे असं वाटतं, त्यांनी इथे दोन दिवस चालावं, असं मला मनापासून वाटत होतं.

पैशांचा आणि नोंदणीचा भाग जरा सविस्तर सांगते. जुलैमध्ये आम्ही एका सीएंकडे गेलो. त्यांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, स्वतःची संस्था काढणं: किमान सात संस्थापक सभासद, 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंदणी, मग पॅन, मग बँक खातं. जानेवारीपर्यंत हे होण्याची खात्री नव्हती. दुसरा, गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून घेतात तशी कलम 41 क ची परवानगी. तिसरा, आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेने ठराव करून आपली परिषद तिचा उपक्रम म्हणून घ्यायची. आम्ही तिसरा धरला. ओळखीची एक शैक्षणिक संस्था तयार झाली, पण त्यांच्या कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच व्हायची आणि पहिल्या बैठकीत आमचा विषय पुढे ढकलला गेला. ठराव हातात पडायला सप्टेंबर उजाडला. तोवर एक रुपयाही कुणाकडून घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते पाळलं. लोक द्यायला तयार असताना थांबणं कठीण जातं, पण पावती देता येत नसेल तर पैसे घेऊ नयेत.

ठरावात तीन वाक्यं असू द्या: उपक्रमाचं नाव आणि तारखा, त्याचा जमाखर्च वेगळ्या खातेवहीत ठेवला जाईल हे, आणि सह्यांचा अधिकार कुणाकडे हे. बँकेने, ऑडिटरने, पुढे हॉलवाल्यानेही हाच कागद मागितला.

देणग्यांबाबत कोकणातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट. आपल्याकडे घरटी एखादा माणूस आखातात असतो. भारतीय पासपोर्टवर दुबईत, कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी, तो मूळचा रेवदंड्याचा का असेना, 2010 च्या परदेशी देणगी कायद्यात येते, आणि त्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या एका बाईंनी मोठी रक्कम देऊ केली होती. त्यांना नाही म्हणताना मला फार जड गेलं. त्यांनी मग आपल्या आजोबांच्या घराचे जुने फोटो पाठवले आणि ते प्रदर्शनात लागले.

शुल्क विद्यार्थ्यांना 600 रुपये आणि व्यावसायिकांना 2,000 ठेवलं. विद्यार्थ्यांच्या 600 मध्ये दोन रात्रींची राहायची सोय आणि सगळी जेवणं. दोन्ही मिळून साधारण 77,000 जमले. एकूण खर्च 1,45,000 च्या आसपास गेला: जेवणाला सगळ्यात जास्त, 63,000, विद्यार्थ्यांच्या राहण्याला 36,000, हॉलला 20,000, बाकी बस, प्रोजेक्टर, छपाई, मुलांच्या ड्रॉइंगची शीट लावायचे बोर्ड. मधली तूट देणग्यांतून भरली. त्यात आखातातले नातेवाईक होते आणि चिऱ्याच्या खाणीचा एक व्यापारीही होता, ज्याने बॅनरवर नाव नको म्हणून बजावून सांगितलं.

हॉल मिळवताना वेगळीच अडचण आली. आमच्या मनात स्थानिक स्वराज्य संस्थेचं एक सभागृह होतं, भाडं अगदी कमी. ऑक्टोबरमध्ये अर्ज घेऊन गेलो तर 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. "आता निकालानंतर या." निकाल 23 नोव्हेंबरला. त्यानंतर गेलो तर साहेब बदलून गेलेले, आणि नव्या साहेबांनी बॅनरच्या मसुद्यातल्या 'अल्पसंख्याक' या शब्दावर बोट ठेवून "हे राजकीय नाही ना?" असं विचारलं. मी कार्यक्रमपत्रिका पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि कळवतो म्हणाले. कळवलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही खासगी मंगल कार्यालय घेतलं. निवडणुकीचं वर्ष असेल तर सरकारी जागेवर विसंबू नका, आणि पर्यायी जागा आधीच बोलून ठेवा.

त्या प्रश्नाने मी काही दिवस खचले होते, हे खरं. शब्द बदलून 'किनारपट्टीवरील वास्तुरचना परिषद' करावं का, अशी चर्चाही झाली. काकांनी आणि मंडणगडच्या एका विद्यार्थ्याने विरोध केला. तो म्हणाला, "मॅडम, नाव बदललं तर मला कळणारच नाही ही माझ्यासाठी आहे." 1992 च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग स्थापन झालाय, मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन यांना केंद्राने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलंय, महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यू समाजालाही तो दर्जा दिलाय. कायद्यातला शब्द बॅनरवर लिहायला कचरायचं कारण नव्हतं. शब्द ठेवला.

कॉलेजांना पत्रं दिवाळीनंतर गेली. सोमवार हा कॉलेजचा दिवस, आणि हजेरीचा प्रश्न असतोच. प्राचार्यांना फक्त निमंत्रण पाठवून भागत नाही. पत्रात तारखा, वेळा, मुलींची राहण्याची जागा, जबाबदार व्यक्तीचा नंबर, आणि संयोजक आर्किटेक्टांचे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे नोंदणी क्रमांक असू द्या. ईमेल करा, पण एक प्रत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ज्या कॉलेजांकडून शिक्का मिळाला तिथून उत्तर आलं. काही ठिकाणांहून शेवटपर्यंत आलं नाही आणि तिथल्या मुलांनी रजा टाकली. आणखी एक: पत्रिकेवर, बिल्ल्यांवर नावामागे 'आर्किटेक्ट' फक्त नोंदणी असलेल्यांच्याच लावा. 1972 च्या कायद्याप्रमाणे ही उपाधी नोंदणीशिवाय वापरता येत नाही. मुलांच्या बिल्ल्यांवर आम्ही नाव, गाव आणि वर्ष लिहिलं, त्यामुळे "तू कुठल्या गावची?" अशीच बोलायला सुरुवात झाली.

18 डिसेंबरला मुंबई बंदरात एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून अपघात झाला. दुसऱ्या दिवसापासून पालकांचे फोन. मुलं गेटवेहून मांडव्याला बोटीने येणार होती. आम्ही लगेच प्रवासाचा बेत बदलला: मुंबईच्या मुलांसाठी एसटी, बरोबर दोन मोठी माणसं, आणि निघाल्यावर, वडखळला, पोचल्यावर असे तीन मेसेज पालकांच्या ग्रुपवर. वेळ जास्त लागला, पण एकाही पालकाने मुलीला परत बोलावलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र दिलं: कार्यक्रम, बाहेरगावच्या लोकांची यादी, ध्वनिक्षेपक हॉलच्या आत आणि रात्री 10 च्या आधी बंद. पत्र घेणाऱ्या हवालदारांनी यादी सावकाश वाचली. माझ्या पोटात गोळा आला होता. मग त्यांनी विचारलं, "माझा पोरगा बारावीला आहे, चित्रं चांगली काढतो. यात काय परीक्षा असते?" मी नाटाची माहिती कागदावर लिहून दिली. रविवारी दुपारी तो मुलगा आला आणि शीट बघत फिरला.

जेवण ठरवताना केटररची परीक्षाच होती. हलाल, कोशर (ज्यूंचे आहारनियम: मांस आणि दूध एकत्र नाही, मासा खवल्याचाच), जैन, सगळं एका स्वयंपाकघरातून. आचारी आधी हबकला. "ताई, कांदा-बटाटा पण नाय?" पण कोकणातलं साधं जेवण इथे उपयोगी पडलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. नारळाचं दूध असल्यामुळे मांस-दुधाचा प्रश्न येत नाही. मासा फक्त पापलेट ठेवला, खवल्याचा म्हणून, कोळंबी-कुर्ल्या नाहीत. जैनांसाठी वेगळी भांडी, वेगळी चूल. रविवारी रात्री वाडीत पोपटी लावली, वालाच्या शेंगांची, भांबुर्ड्याचा पाला घालून, आणि जैन मुलांसाठी कंदमुळं न घातलेलं एक मडकं वेगळं.

शनिवारी सव्वासातला काकांनी उद्घाटन केलं. भाषण दहा मिनिटांचं. भिंतीवर हबीब रहमान, चार्ल्स कोरिया आणि पेरीन मिस्त्री या आर्किटेक्टांच्या कामांचे फोटो लावले होते; पेरीन मिस्त्री 1930 च्या दशकात जे. जे. मधून शिकून बाहेर पडल्या, हे त्या संध्याकाळी पुष्कळ मुलींनी पहिल्यांदा वाचलं.

रविवारी सकाळी दुरुस्तीवरचं सत्र होतं, आणि मला वाटतं व्यावसायिकांना सगळ्यात जास्त ते लागलं. आपल्याकडची जुनी प्रार्थनास्थळं बरीचशी जांभ्याची. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल तर ओल बाहेर पडायला वाट राहते. सिमेंटचा थापला की ओल आत कोंडते, समुद्राकाठी तिच्याबरोबर खारही असतो, आणि थोड्याच पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटायला लागतो. मग कमिटी म्हणते, टाइल लावा. टाइलच्या मागे दगड झिजतच राहतो. एका चर्चची, एका मशिदीची आणि एका विहाराची छायाचित्रं शेजारी शेजारी दाखवली, तेव्हा नाव झाकलं असतं तर कुठली भिंत कुणाची ते ओळखू आलं नसतं. चुन्याचं काम करणारे एक वयस्क गवंडी मुरूडकडून आले होते. त्यांनी चुना भिजवण्यापासून सगळं सांगितलं, आणि शेवटी मुलांनी त्यांच्या मजुरीचा दर विचारून वहीत लिहून घेतला. हाच धागा पुढे फीच्या चर्चेत आला. ठरलं ते असं, की समाजाच्या कामालाही लेखी पत्र द्यायचं, कामाची व्याप्ती आणि पूर्ण फी त्यात लिहायची, आणि सूट द्यायची असेल तर ती आकड्यात दाखवायची. म्हणजे कमिटीला कळतं की काय मिळालं. आणि स्मारकाजवळचं काम असेल तर आधी अंतर मोजा: केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. चौल-रेवदंड्यासारख्या जागी हे पहिल्या दिवशीच बघावं लागतं.

दुसरं सत्र छपरांचं. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ ज्यांच्या डोक्यावरून गेलं, ती मुलं आता कॉलेजात आहेत. श्रीवर्धनच्या एका मुलाने आपल्या आळीतल्या घरांची छपरं वादळाआधी आणि नंतर कशी होती ते मोजून काढलं होतं. वारा कौलांना वळचणीखालून उचलतो आणि वरूनही ओढतो, म्हणून वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधलेले असले, वळचण बेताची असली, तर छप्पर टिकायची शक्यता वाढते. दुपाखीपेक्षा चौपाखी बरं. त्याच्या आळीत आता बहुतेक जण स्लॅब टाकतायत. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की कौलारू घर बांधून नीट दाखवलं नाही तर लोक स्लॅबच टाकणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

दुपारी रेवदंड्याच्या सिनेगॉगला गेलो. अशा सगळ्याच ठिकाणांच्या विश्वस्तांना आम्ही आधी नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती दिल्या होत्या, मागितल्या असोत वा नसोत. डोकं झाकायला रुमाल बरोबर ठेवा. ट्रायपॉड आणि ड्रोन आणू नका असं मुलांना आधीच कळवलं होतं. वही-पेन्सिल कुणी अडवत नाही.

पण मला सांगायचंय ते संध्याकाळच्या टेबलांबद्दल. हॉलमध्ये सहा टेबलं मांडली, प्रत्येकावर एक अनुभवी आर्किटेक्ट, समोर एक विद्यार्थी आणि त्याची शीट. प्रत्येकाला वीस मिनिटं. गुण नाहीत, नंबर नाहीत. मंडणगडच्या मुलाचा थीसिस वस्तीतल्या विहाराचा आणि त्याला जोडलेल्या अभ्यासिकेचा होता. काका त्याच्या सेक्शनवर (इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर) वाकले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री अभ्यासाला मुली येतील तेव्हा दिवा कुठे असेल?" वीस मिनिटांची चाळीस झाली. म्हसळ्याच्या त्या मुलीने आजीच्या घराचं मोजमाप करून काढलेलं ड्रॉइंग आणलं होतं. कॉलेजच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, तिला विचारलं होतं, एवढ्याशा घराला पुढे दोन दारं कशाला. इथे टेबलापलीकडे दापोलीच्या एक भाभी बसल्या होत्या, तीस वर्षं काम केलेल्या. त्यांनी प्लॅन बघितला आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हे बायकांचं दार, हे थेट माजघरात. इथे ओटा होता ना? तो का नाही काढलास?" तिने ओटा काढला नव्हता, कारण तो कुणाला कळेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती तिथेच पेन्सिल घेऊन बसली. परिषद भरवायची असेल आणि वेळ कमी पडत असेल, तर भाषणं कापा. टेबलांचा वेळ कापू नका.

बाजूला दाखल्यांचं एक टेबल होतं. सेतू चालवणारा एक ओळखीचा मुलगा दिवसभर बसला. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बौद्ध मुलांसाठी जात पडताळणी, महाडीबीटीचा अर्ज, आधारला जोडलेलं बँक खातं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळालीय, हे तिथे आलेल्या काही मुलींना माहीतच नव्हतं. त्या टेबलासमोरची रांग दिवसभर संपली नाही.

सोमवारी सकाळी कोर्लई बघून आल्यावर शेवटची बैठक झाली. भिंतीवर दोन मोठे कागद लावले: एकावर ट्रेनिंगच्या जागा, दुसऱ्यावर खोल्या. ऑफिस असलेल्यांनी पहिल्या कागदावर लिहायचं, घरात खोली रिकामी असलेल्यांनी किंवा हमी देऊ शकणाऱ्यांनी दुसऱ्यावर. पहिल्यावर सात ऑफिसं आली. दुसऱ्या कागदापुढे थोडा वेळ कुणीच उठलं नाही. मग पारशी जोडप्यातल्या बाई उठल्या, दादरची एक खोली लिहिली, खाली अट लिहिली: 'कुठल्याही समाजाची मुलगी चालेल'. त्यानंतर मीरा रोड, नेरूळ, ठाणे, वसई, मुंब्रा. जेवायच्या वेळेपर्यंत अकरा खोल्या झाल्या. म्हसळ्याच्या मुलीने यादी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. तिचं ट्रेनिंग तेव्हा मुंब्र्याहून ये-जा करून संपलेलं होतं, पण यादी सांभाळायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं.

नंतरचं काम कंटाळवाणं, पण ते सोडू नका. आठवड्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला पावती, कॉलेजांना उपस्थितीची पत्रं, ज्या विश्वस्तांनी दारं उघडली त्यांना आभाराची पत्रं आणि मुलांनी काढलेल्या स्केचची एक-एक प्रत. पावत्या कच्च्या असतील तर केटररकडून, बसवाल्याकडून त्याच दिवशी पक्क्या मागा. महिन्याने मागितल्या की मिळत नाहीत. मार्च अखेरीस संस्थेच्या खातेवहीत सगळा हिशोब जुळला, साडेतीन हजार शिल्लक राहिले, ते पुढच्या वेळेसाठी तिथेच ठेवलेत.

पुढची परिषद दापोली-दाभोळकडे घ्यायचा विचार चाललाय, पुन्हा पौषातच. ठरावाचा मसुदा, प्राचार्यांचं पत्र, पोलीस ठाण्याचं पत्र, विश्वस्तांना द्यायची यादी, सगळ्याचे नमुने आमच्याकडे तयार आहेत आणि कुणीही मागितले तर देऊ. खोल्यांच्या यादीत सध्या मुंबई-ठाण्याकडची नावं वाढतायत, पुण्याच्या मात्र दोनच आहेत, आणि जूनपासून चार मुलं पुण्यात ट्रेनिंगला जाणार आहेत. कोंढवा, कॅम्प, येरवडा, कुठेही चालेल. भाडं मुलं देतील, हमी आम्ही देऊ.